खरकट्या पाण्यावरचा उजेड

अमडापुरात गोजरबाईच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. भाजीवाला तिच्या दारात आला की न मागता मूठभर मिरच्या वरून टाकतो, आणि बाजारात तिच्याशी घासाघीस करायची वेळ आली की बांगडीवाली आधी पाणी पिऊन घेते. अशा बाईला तिच्याच न्हाणीतला नळ चावला. सकाळची वेळ, पाय ओले, बादली भरायला तिनं हात लावला आणि बोटापासून कोपरापर्यंत मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं झालं. दुसरी असती तर किंचाळून घर गोळा केलं असतं. गोजरबाई एक पाऊल मागं सरली, पदर खोचला आणि नळाकडं डोळे वटारून म्हणाली, "मले? मले चावते रे मुर्दाडा?"

नळ कशाला बोलतोय. पण दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा तेच केलं.

एवढ्यावर तिनं रबरी चप्पल घालून बादल्या भरल्या असत्या आणि वेळ निभावून नेली असती. पण तिचा मुलगा सागर, चिखलीला बी-बियाण्याच्या दुकानात कामाला, त्याच्या पोटात काही राहत नाही. त्यानं रात्रीच्या फोनवर बायकोला सांगून टाकलं. बायको म्हणजे प्राची, बाळंतपणासाठी मेहकरला माहेरी गेलेली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उलटली की लेकीला घेऊन ती परत यायची होती. लेकीचं नाव तिकडं बारशाला सान्वी ठेवलेलं. गोजरबाईच्या जिभेला त्या नावावर पीळ पडायचा, म्हणून ती आपली नातीला 'ठमी' म्हणायची. ठमीचा पाळणा धुऊनपुसून माजघरात टांगलेला होता, आणि गोजरबाई जाता-येता त्याला उगाच झोका देऊन बघायची. रिकाम्या पाळण्याला झोका देऊ नये म्हणतात. पण तिला सांगणार कोण?

प्राचीचा फोन सकाळीच आला. थेट सासूला.

"आत्याबाई, ठमी आता पालथी पडून सरकते. हाताले लागन ते धरते. नळाले करंट असलेल्या घरात मी तिले नाही आणत."

"आवं, मी काय तिले नळावर झोपवतो काय?"

"तसं नाही. पण तुमचं पोरगं 'झालं नीट, झालं नीट' म्हणते. हर गोष्टीले तेच म्हणते. त्यांच्या बोलण्यावर मी गाडीत बसत नसतो. तुमी स्वतः सांगा नीट झालं म्हून. तुमी सांगितलं की त्याच दिवशी निघतो."

गोजरबाईला राग आला आणि बरंही वाटलं, दोन्ही एकाच वेळी. सुनेनं अट घातली याचा राग. आणि सगळं घर सोडून अट तिच्याच शब्दावर ठेवली, याचं बरं. ती फोन ठेवून म्हणाली, "सागऱ्या, जावेदले बलाव. आत्ताच्या आत्ता."

जावेद म्हणजे मागल्या गल्लीतल्या इमामबीचा मुलगा, गावातला वायरमन. हाताला चांगला, पण तोंड हातापेक्षा आधी चालणारा. पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यानं निकाल दिला, "काकू, मोटर. शंभर टक्के मोटर. पाण्याच्या मोटरचा करंट पाईपात उतरते आन् पाईपातून नळात." त्यानं मोटरची पिन काढली, नळाला टेस्टर लावला. टेस्टर विझलेला. जावेदनं अशी मान उडवली की जशी पैजच जिंकली.

मोटर चिखलीला दुरुस्तीला गेली. घरात दोन दिवस हंड्यानं पाणी. तिसऱ्या दिवशी मोटर जशीच्या तशी परत आली. दुरुस्तीवाला म्हणाला, हिला काही झालेलं नाही. ती बसवली तर नळ पुन्हा चावला, आणि मधल्या काळात नारायणरावांना फ्रिजनं धरलं होतं ते वेगळंच. नारायणराव म्हणजे गोजरबाईचे यजमान. गरीब माणूस. अनवाणी पायानं थंड पाण्याची बाटली काढायला गेले आणि हातातली बाटली टाकून तसेच उभे राहिले.

"आता फ्रिज बी दुरुस्तीले पाठवतं काय रे?" गोजरबाईनं जावेदला विचारलं. "मंग मिक्सर पाठव. मंग मले पाठव. एकेक करत घर खाली कर."

"काकू, चूक झाली. मले बसू त द्या."

"बस. पण तोंड बंद ठेवून बस."

जावेद खरंच तोंड बंद ठेवून बसला, आणि तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं की या घराची दोन टोकं दोन तऱ्हेनं वागतायत. पुढच्या खोलीतला दिवा, पंखा, टीव्ही एकदम ठीक. मागं स्वयंपाकघरात आणि न्हाणीत मात्र सगळाच गोंधळ. मिक्सर लावला की दिवा मान टाकायचा.

"काकू, हे कवापासून?"

"झाले बरेच दिवस. मले वाटलं गावाची लाईटच तशी हाये."

जावेदनं स्वयंपाकघरातल्या बोर्डाच्या भोकात टेस्टर घातला. त्याचा दिवा लागला. दुसऱ्या भोकात घातला. तिथंही लागला.

"एकाच भोकात लागाले पाह्यजे," तो हळूच म्हणाला. "एका तारीनं करंट येते, तिले फेज म्हणतात. काम झालं की दुसऱ्या तारीनं वापस जाते, थो न्यूट्रल. तुमच्या इथं वापस जायची वाटच तुटेल दिसते."

"म्हंजे सासरी यायचा रस्ता हाये, माहेरी जायचा नाही," गोजरबाई म्हणाली.

"एकदम बराबर, काकू! म्हून तो इकडंतिकडं भटकून राह्यला. कधी नळात, कधी फ्रिजात."

खात्री करायला त्यानं पुढच्या खोलीतल्या मेन बोर्डापासून एक मोकळी तार जमिनीवरून ओढत आणली आणि एका बल्बला जोडली. फेज स्वयंपाकघरातला, न्यूट्रल त्या तारेतला. बल्ब असा लख्ख पेटला की ओट्यावरच्या डब्यांवरची धूळ दिसायला लागली. गोजरबाईनं घाईघाईनं पदरानं एक डबा पुसला.

मग जावेदनं मेन बंद करून बोर्डाची पाटी उघडली आणि आत डोकावला. आत काळी तार टोकाला टेप गुंडाळून नुसतीच दुमडून ठेवलेली होती. आणि न्यूट्रलच्या जागेवर हिरवी तार पिळून बसवलेली. हिरवी म्हणजे अर्थिंगची; जी घराच्या मागं परसात जमिनीत पुरलेल्या लोखंडी पाईपला जाते.

"हे कोणं केलं बाप्पा?"

"म्या," नारायणराव दारातून म्हणाले. लाजून नाही, चांगली छाती काढून. "सागरची बारावीची परीक्षा होती. भिंतीतल्या भिंतीत तार तुटली. तुहा बाप तवा वायरमनकी करे, थो गेलता बुलढाण्याले लग्नाले. पोरगं स्वयंपाकघरातच अभ्यासाले बसे. म्या इचार केला, करंटाले वापस जमिनीतच जायचं हाये ना? मंग द्या त्याले जमिनीत सोडून. तवापासून आजपावतर दिवा एक दिवस बंद नाही."

"काका, अर्थिंग हे आडवेळेची वाट हाये. आग लागली, मशीन बिघडली, त माणसानं पळून जायचं मागलं दार. तुमी त्या दारातून रोजची बैलगाडी काढली! आन् फ्रिज, मोटर, सगळ्यायच्या अंगाले तेच हिरवं वायर जोडेल. जमिनीनं करंट घेतला नाही, की थो सगळ्यायच्या अंगात चढते."

"पण घेतला ना जमिनीनं? इतके वर्षं घेतला का नाही?"

आता जावेद अडला. "घेतला," तो डोकं खाजवत म्हणाला. "थेच त मले समजून नाही राह्यलं. इतके वर्षं घेतला, मंग आताच काऊन नाही घेत?"

सगळे परसात गेले. अर्थिंगचा पाईप कुंपणापाशी होता, जुन्या भांडे घासायच्या दगडाला लागूनच. दगडाच्या पलीकडं चमकोरा, म्हणजे अळू, असायचा, हातभर पानांचा, ज्याच्या वड्या गोजरबाई साऱ्या गल्लीला वाटायची. आता तिथं वाळकी देठं उरली होती. पाईपाभोवतीची माती भेगाळून पांढरी पडलेली.

"इथं पाणी कोण टाके?" जावेदनं विचारलं.

गोजरबाईनं वाकून दगडावर हात फिरवला. दगड कोरडा ठणठणीत.

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. इथं पाणी कुणी टाकत नव्हतं. इथं भांडी घासली जात होती. तीन वेळची, पाहुण्यारावळ्यांची, सणावाराची. सगळं खरकटं पाणी दगडावरून पाईपाच्या मुळाशी. माती कधी सुकलीच नाही, म्हणून नवऱ्याचा तो जोड इतकी वर्षं चालला. त्यांच्या घरचा उजेड भांड्यांच्या पाण्यावर पेटत होता.

आणि होळीपासून या दगडावर एक वाटीही घासली गेली नव्हती.

"खरंच की," नारायणराव म्हणाले, "इथलं भांडे घासणं बंद झालं ना. सागरनं ते सिंक बसवलं तवापासून."

सागरनं आईकडं बघितलं. मग आभाळाकडं.

गावात सगळ्यांना हेच माहीत होतं की ओट्याला सिंक बसवायची हौस सागरची. गोजरबाईनंच तसं सांगितलं होतं. कारण जन्मभर ती म्हणत आली होती की उभ्यानं भांडी घासणाऱ्या बाईची भांडी बुडाशी खरकटीच राहतात. शेजारच्या कोकिळाच्या सुनेनं सिंक बसवलं तेव्हा ती बघायला गेली आणि ताट नाकाशी नेऊन हुंगून आली होती. अशा बाईनं गवंडी बोलावून, चिखलीला जाऊन द्राक्षाच्या घडांची चित्रं असलेल्या फरशा स्वतः निवडून आणून सिंक बसवलं, हे कळलं असतं तर कोकिळाला ते वर्षभर चघळायला पुरलं असतं.

"सागरनं नाही," गोजरबाई म्हणाली. "म्या बसवलं."

जावेदचं तोंड उघडं राहिलं. "काकू? तुमी?"

"माह्या सुनेचं पोट फाडलं होतं दवाखान्यात. तशी थे दगडावर वाकून बसली असती काय भांडे घासाले? दात काढू नको, पोट्ट्या. आन् तुह्या मायले सांगितलं त याद राख."

"नाही सांगत," जावेद म्हणाला. पण त्याचा चेहरा सांगत होता की आजच सांगणार.

नारायणराव बायकोकडं बघत राहिले. कधीतरी लग्नात बघितलं असेल तसं. "मले बी नाही सांगितलं?" ते म्हणाले.

"तुमाले सांगितलं असतं त पारावर गेलं असतं."

जावेदनं विहिरीवरून आणावं तसं बादल्यांमागून बादल्या पाणी आणून पाईपापाशी ओतलं. भेगांनी ते घटाघटा पिऊन टाकलं. पुन्हा ओतलं. मग आत जाऊन मेन चालू केला, मिक्सर लावला. दिवा जरासा लवला आणि सावरला. नळाला टेस्टर लावला, तर नुसती अंधूक लाल रेघ, असून नसल्यासारखी. गोजरबाईनं त्याला न जुमानता हात लावला. काही नाही. नळ गाईसारखा गरीब.

"झालं की!" नारायणराव टाळी वाजवून म्हणाले. "रोज दोन बादल्या. म्या टाकत जाईन. हाय काय अन् नाही काय!"

सागर तर फोन लावूनच मोकळा झाला. "प्राची, झालं नीट. नाही, खरंच झालं. हे घे, मायशीच बोल."

गोजरबाईनं फोन कानाला लावला. पलीकडून आधी प्राची नाही, ठमीच बोलली. म्हणजे काहीतरी ओरडली, लाळेच्या बुडबुड्यांसकट. गोजरबाईचा दुसरा हात अजून नळावर होता. नळ गार होता, ओला होता आणि मुळीच चावत नव्हता. 'झालं नीट' एवढेच दोन शब्द बोलायचे होते. खोटं काहीच नव्हतं त्यात. संध्याकाळपर्यंत पाळणा भरला असता.

"आत्याबाई?" प्राची म्हणाली. "निघू काय?"

"नको," गोजरबाई म्हणाली. "मी सांगन तवा निघ." आणि फोन सागरच्या हातात कोंबला.

"माय, काय झालं? नळ त बंद झाला ना चावायचा!"

"बंद नाही झाला. झोपला. पाणी सुकलं की उठन." ती नवऱ्याकडं वळली. "आन् तुमी रोज बादल्या टाकान? परवा गॅसवर दूध ठेवून पेपर वाचत बसले होते, पातेलं कोणं घासलं? एक दिवस इसरान. एक दिवस पाहुणे येतीन, एक दिवस आपण लग्नाले जाऊ, एक दिवस मी मरन. त्या दिवशी पोरगी रांगत येईन आन् फ्रिज धरून उभी राहीन. तिच्या जिवाची राखण मी बादलीवर ठेवू काय? जावेद, खरं काम काय हाये ते सांग."

"नवा न्यूट्रल ओढा लागीन मेनपासून. हिरवं वायर त्याच्यातून सोडवा लागीन. अर्थिंगचा खड्डा नवा, मीठ-कोळसा भरून. आन् मेनवर एक स्विच टाकू. करंट जरासा बी आडवाटेनं गेला, की थो खटकन पडते."

"मंग कर."

"भिंतीतला पाईप बुजला असन त वरून वायरची पट्टी मारा लागीन. तुमच्या द्राक्षायवरून."

गोजरबाईनं त्या फरशांकडं एकदा बघितलं. जांभळे घड, हिरवी पानं, अजून सिमेंटचा डागही न पडलेल्या. "मार," ती म्हणाली. "द्राक्षं काय खायचे हायेत?"

नारायणराव मात्र ओसरीवर जाऊन बसले होते. गोजरबाईनं ते बघितलं आणि आधी चहा ठेवला. कप त्यांच्या हातात दिला आणि शेजारी बसली, जे ती दिवसाउजेडी फारसं करत नाही.

"तोंड कायले पाडलं?"

"इतके वर्षं चाललं," ते म्हणाले. "आता जावेद म्हणते बैलगाडी काढली."

"जावेदले काय कळते. मोटर चिखलीले पाठवणारा थो." तिनं आपल्या चहातला अर्धा त्यांच्या कपात ओतला. "आवो, तवा घरात अंधार होता आन् पोराची परीक्षा होती. तुमी उजेड केला. पोरगं पास झालं त्याच उजेडात. तुमी काही बिघडवलं नाही. पण तवा घरात रांगणारं कोणी नव्हतं. आता हाये."

"हाये कुठं अजून. मेहकरले हाये."

"म्हून त म्हणतो, उठा."

ते उठले. जावेदनं मेन बंद केला, तारा मेल्याची खात्री केली, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, पक्कड नारायणरावांच्या हातात दिली. "काका, हे तुमचं हाये. तुमीच सोडा." नारायणरावांनी चष्मा वर केला, हिरव्या तारेचे पीळ हलक्या हातानं उलगडले. इतके घट्ट पीळ मारलेले की जावेदही म्हणाला, "जोड मारला होता मात्र झकास, काका!" त्यावर नारायणरावांचा अर्धा राग गेला.

भिंतीतला पाईप बुजलेलाच निघाला. मग पुढच्या खोलीतून पट्टी निघाली, माजघरातून पाळण्याच्या कडीजवळून वळली आणि द्राक्षांवरून सरळ बोर्डात गेली. एक घड पुरता झाकला गेला. परसात दगडापासून लांब नवा खड्डा झाला. सागर खणत होता आणि गोजरबाई काठावर उभी राहून मीठ-कोळशाचे थर असे घालायला लावत होती जसं काय लोणचंच मुरवायचंय. तो नवा स्विचही बसला. जावेदनं त्याचं छोटं बटन दाबून दाखवलं. तो खटकन पडला आणि घर गार झालं.

"पाह्यलं काकू? असा पडते."

"पडू दे. पोरगी पडण्यापेक्षा थो पडलेला बरा."

सगळं चालू झालं. मिक्सर, मोटर, फ्रिज एकदम लावले तरी दिवा हलला नाही. बोर्डाच्या एका भोकात टेस्टर लागला, दुसऱ्यात नाही. नळाला टेस्टर लावला तर काचेत काळोख. सागर म्हणाला, "आता त सांग, माय."

"टेस्टर काय सांगते मले," गोजरबाई म्हणाली. "सुनेनं मले इचारलं हाये, टेस्टरले नाही." तिनं चपला काढल्या, न्हाणीतल्या ओल्या फरशीवर उभी राहिली.

"काकू, हे काय तपासायची रीत हाये काय!" जावेद ओरडला. "मी पाह्यलं ना!"

तिनं हात पुढं केला, पण त्याआधीच नारायणराव मधे घुसले. त्यांच्याही पायात चपला नव्हत्या. त्यांनी नळ मुठीत धरला. गोजरबाईनं झटकन त्यांचं दुसरं मनगट पकडलं.

"आता ह्या काकाले कायले धरलं तुमी?" जावेद कपाळावर हात मारून म्हणाला. "त्यायले लागलं त तुमाले बी लागन!"

"लागू दे," गोजरबाई म्हणाली. "चावला त दोघायले चावन."

नळ चावला नाही. पाणी तेवढं थेंबथेंब गळत होतं. "सागऱ्या," ती म्हणाली, "फोन लाव."

सागरनं फोन तिच्या कानाशी धरला.

"प्राची, ये."

"आत्याबाई, हात लावून पाह्यला?"

"तुह्या मामाजीनं लावला. अजून लावूनच हायेत. मी त्यायले धरून हावो."

पलीकडून प्राचीच्या हसण्याचा आवाज आला, आणि त्या हसण्यानं ठमीही किंचाळली. "उद्या सकाळच्या गाडीनं निघतो," प्राची म्हणाली.

"निघ. खिडकीपाशी बसू नको, झळ लागन पोरीले. टोपडं घाल. आन् तुह्या मायनं तिले काजळ लावलं असन त कमी लावाले सांग, मागल्या फोटोत पोरगी पैलवानावाणी दिसे."

फोन ठेवला तरी ती तशीच उभी होती, न्हाणीच्या दाराकडं बघत, बहुतेक उद्या कुठं काय ठेवायचं ते ठरवत. जावेदनं पिशवी भरली. सागर पाळण्याखाली अंथरायला चटई शोधायला गेला.

"अवं," नारायणराव म्हणाले, "सोड ना आता."

"तुमी आधी नळ सोडा."

"नळ म्या कवाचाच सोडला. माहा हात सोड."